झाशीचा हिवाळा आणि पहाटे चारचा दिवा

झाशी म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात १८५८चा चैत्र उभा राहतो. वेढा, तोफा, किल्ल्यावरून निसटलेली राणी. आपल्या आठवणीतली झाशी अशी कायम उन्हात तळपणारी आहे. तिचा हिवाळा आपल्याला फारसा ठाऊक नाही. डिसेंबर-जानेवारीत बुंदेलखंडाच्या या पठारावर पहाटे धुकं दाटतं, पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो, आणि गावोगावी अंगणातल्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबतात. नेमकी याच दिवसांत अंड्याला मागणी सगळ्यात जास्त असते आणि भावही चढलेला असतो. घरच्या अंड्यांवर मीठ-तेलाचा खर्च भागवणाऱ्या बाईच्या हातचं उत्पन्न त्याच वेळी आटतं.

या अडचणीवर एक जुना, स्वस्त आणि शंभर वर्षं पारखलेला उपाय आहे. खुराड्यात पहाटे काही तास दिवा लावायचा. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांना तो पाठ आहे. अंगणात दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्या घरांपर्यंत तो नीट पोचलेला नाही. जिथे पोचला, तिथे बहुधा अर्धाच पोचला. दिवा लावा एवढंच कुणीतरी सांगितलं. कधी, किती, कुणासाठी, आणि दिव्याच्या बदल्यात कोंबडीला काय द्यायचं, ते राहूनच गेलं. माझ्या मते खरी गोष्ट या राहून गेलेल्या भागातच आहे.

साडेदहा तासांचा दिवस

आधी आकाशाकडे पाहू. झाशी साडेपंचवीस अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरावर. वरवर पाहता हा फरक किरकोळ वाटतो, पण दिवसाच्या लांबीत तो स्पष्ट दिसतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात सूर्य जवळपास अकरा तास क्षितिजावर असतो. झाशीत तो सातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचला मावळतो, म्हणजे साडेदहा तास. जूनमध्ये हाच झाशीचा दिवस पावणेचौदा तासांचा होतो. उन्हाळा आणि हिवाळा यांच्यात सव्वातीन तासांचं अंतर पडतं. पुण्यात ते सव्वादोन तासांच्या आसपास राहतं. त्यात झाशीचं धुकं आणि गारठा अडवण्यासाठी खुराड्याला लावलेली गोणपाटं धरली, तर कोंबडीच्या डोळ्यांपुढचा दिवस आणखी आखूड होतो.

भर अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज चौदा ते सोळा तास उजेड लागतो, हा जगभरच्या कुक्कुटपालनाचा पाया आहे. दिवस आखडत चालला की तिचं शरीर पिल्लांचा हंगाम संपल्याची खूण ओळखतं. दिवाळीच्या आगेमागे मान, पाठ, पंख या क्रमाने पिसं गळायला लागतात. नवी पिसं येईपर्यंत दोन-तीन महिने जातात. तेवढा काळ तिचं सगळं प्रथिन पिसांकडे वळलेलं असतं आणि अंडाशय आक्रसून बसलेलं असतं.

थंडीचा दोष नाही

गावात कुणालाही विचारा, कोंबड्या थंडीने बसल्या असंच उत्तर मिळेल. ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की ती खोडून काढायला एका माणसाला कॅनडाच्या बर्फात पक्षी ठेवावे लागले. विल्यम रोवन हे एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवत. १९२४च्या शरद ऋतूत त्यांनी जंको नावाचे चिमणीएवढे स्थलांतरी पक्षी पकडून उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले. एका पिंजऱ्यात विजेचे दिवे लावून त्यांनी दिवस रोज थोडाथोडा लांबवत नेला. दुसऱ्यात फक्त निसर्गाचा उजेड ठेवला. पारा शून्याच्या कितीतरी खाली गेला होता. त्या कडाक्यातही दिव्याखालच्या पक्ष्यांची जननेंद्रियं वसंतात वाढावीत तशी भर हिवाळ्यात वाढली. शेजारच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची वाढली नाहीत. थंडी दोघांनाही सारखीच होती, फरक फक्त उजेडाचा होता. १९२५ मध्ये रोवन यांनी हे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं.

झाशीच्या अंगणासाठी यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. सात-आठ अंशांची थंडी पिसांनी भरलेल्या, पोटभर खाल्लेल्या मोठ्या कोंबडीला सोसते. वाऱ्याचा थेट झोत आणि ओल तेवढी टाळायला हवी. ऊब राखण्यासाठी तिचं खाणं वाढतं, तेही पुरवायला हवं. पिल्लांना ऊब देण्यासाठी लावलेला दिवा आणि अंड्यांसाठी लावलेला दिवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचं काम उष्णतेचं, दुसऱ्याचं उजेडाचं. हा घोळ झाला की लोक मोठ्या कोंबड्यांच्या खुराड्यात शंभर वॅटचा तापणारा बल्ब पेंढ्याशेजारी टांगतात. आग लागण्याचा धोका तेवढा वाढतो.

कवटीतून आत जाणारा उजेड

उजेड कोंबडीला कळतो कसा? डोळ्यांनी, हे उत्तर अर्धंच खरं आहे. फ्रान्समध्ये १९३०च्या दशकात झाक बेन्वा यांनी बदकांवर प्रयोग करून दाखवलं की डोळे नसलेल्या पक्ष्यालाही लांबलेला दिवस कळतो, कारण उजेड थेट मेंदूपर्यंत पोचतो. १९७० मध्ये अमेरिकेत मायकेल मेनाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिमण्यांच्या डोक्याच्या कातडीखाली काळी शाई टोचली. डोळे शाबूत होते, भोवती उजेडही होता. पण मेंदूपर्यंत तो पोचेना, तेव्हा त्या चिमण्यांची शरीरं हिवाळ्यातच अडकून राहिली. पक्ष्याच्या पातळ कवटीतून गाळून आत जाणारा उजेड मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी टिपतात. तिथून संप्रेरकांची साखळी सुरू होऊन अंडाशयापर्यंत जाते. तांबूस-पिवळा उजेड हाडामांसातून जास्त आत शिरतो. म्हणून खुराड्यात निळसर पांढऱ्या दिव्यापेक्षा कोमट पिवळा दिवा बरा.

या शास्त्रात आपल्याकडेही मोठं काम झालं आहे. लखनौ विद्यापीठात प्रा. विनोद कुमार यांनी काळ्या डोक्याच्या भारीट पक्ष्यावर वर्षानुवर्षं संशोधन केलं. हिवाळ्यात आपल्या ज्वारीच्या शेतांवर ज्यांचे थवे उतरतात, तोच हा पाहुणा. परतीची वेळ झाली हे त्यालाही दिवसाच्या लांबीवरूनच कळतं.

पक्ष्याचा मेंदू उजेडाच्या तासांची नुसती बेरीज करत नाही. पहाट झाल्यापासून साधारण अकरा ते सोळा तासांच्या पट्ट्यात उजेड आहे की नाही, हे तो तपासतो. त्या वेळी उजेड असेल तर दिवस मोठा, अंधार असेल तर लहान. झाशीत डिसेंबरमध्ये सातला उगवलेला सूर्य साडेपाचला मावळतो, म्हणजे त्या पट्ट्याला स्पर्शही करत नाही. पहाटे चारला दिवा लावला तर कोंबडीची पहाट चारला होते, आणि संध्याकाळचा खरा सूर्यप्रकाश आपोआप त्या पट्ट्यात येतो.

एका रात्रीचं काम

अंडं बनतं कसं, हे एकदा जवळून पाहिलं की दिव्याची बाकीची पथ्यं वेगळी सांगावी लागत नाहीत. कोंबडीने अंडं घातलं की अर्ध्या-पाऊण तासात अंडाशयातून पुढचा बलक सुटतो. तीनेक तासांत त्याच्याभोवती पांढरा भाग चढतो, मग तासाभरात दुपदरी पापुद्रा. त्यानंतरचे सुमारे वीस तास एकच काम चालतं, कवच. एकूण पंचवीस-सव्वीस तास लागतात. म्हणून आज सकाळी सातला अंडं घालणारी कोंबडी उद्या आठ-नऊला घालते, परवा त्याहून उशिरा, आणि असं सरकत सरकत दुपार झाली की एक दिवस खाडा करते. हा खाडा आळसाचा नव्हे, घड्याळाचा हिशेब आहे.

कवचाचं बहुतेक काम रात्री होतं. कोंबडी दांडीवर बसून झोपलेली असते आणि तिच्या पोटात चुन्याचं घर बांधलं जात असतं. एका कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं. आतड्यातून तेवढं मिळालं नाही की शरीर ते हाडांतून काढतं. अंड्यावर येताना पक्ष्यांच्या माद्या पायांच्या लांब हाडांच्या पोकळीत खास यासाठी मऊ हाड साठवतात. अंडी वाढली आणि चुना मिळाला नाही, की आधी कवच पातळ होतं, मग अंडं पिलपिलीत येतं, आणि शेवटी कोंबडी पायांतून खचते.

आता दिव्याकडे पुन्हा पाहा. दिवा लावून आपण तिला वसंत आला असं सांगतो. तिचं शरीर त्यावर विश्वास ठेवतं आणि कामाला लागतं. मग वसंतातली रसद पुरवणं हे आपलं काम होतं. किडे-कोवळ्या गवताच्या जागी प्रथिनं, संध्याकाळी शिंपल्याचा भरड चुरा, गार न झालेलं पाणी. नुसता दिवा लावणं म्हणजे आगाऊ रक्कम न देता कारागिराला कामावर बोलावण्यासारखं आहे.

मोठ्या शेडची शिस्त

व्यापारी लेअर फार्मवर ही रसद आणि हा दिवा दोन्ही नियमाने चालतात. पहाटे चारला टायमर टिकटिकतो आणि लांबलचक शेडभर पिवळा उजेड पडतो. काही क्षण शांतता, मग पिंजऱ्यांच्या रांगांतून कुजबुज सुरू होते आणि खाद्याच्या पन्हाळीवर चोची आपटू लागतात. पहाटे चार ते रात्री आठ असे सोळा तास भरले की दिवे बंद. उजेड किती हवा याचं जुनं माप सोपं आहे: कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. शास्त्राच्या भाषेत दहा ते वीस लक्स. त्याहून झगझगीत उजेडाने अंडी वाढत नाहीत, एकमेकींना टोचणं मात्र वाढतं.

दिव्याचे दोन नियम पोल्ट्रीत कुणी मोडत नाही. तलंगा वाढीला लागल्या असताना त्यांचा दिवस वाढवायचा नाही, आणि कोंबडी अंड्यावर असताना तिचा दिवस घटवायचा नाही. कोवळ्या वयात लांब दिवस मिळाला तर तलंग अंगाने भरण्याआधीच अंड्यावर येते. अंडी बारीक पडतात, आणि कधी अंग बाहेर येऊन पक्षी दगावतो. सतरा-अठरा आठवड्यांनंतर, वजन भरलं असेल तरच, आठवड्याला अर्ध्या तासाने उजेड वाढवत न्यायचा.

भारतात ही शिस्त रुजवण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा कारभार पुढे पुण्यातून वाढला. बीव्ही-३०० ही त्यांची लेअर जात देशभर पोचली. अंड्याचा भाव व्यापाऱ्यांच्या मर्जीवर राहू नये म्हणून १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, त्यातही राव पुढे होते. वर्षाला तीनशेच्या वर अंडी देणारा पक्षी ही पैदाशीची करामत आहे खरी, पण आखलेल्या दिवसाशिवाय ती करामत हाताला लागत नाही.

२०२३-२४ मध्ये देशात सुमारे १४,२७७ कोटी अंड्यांचं उत्पादन झालं, म्हणजे माणशी वर्षाला १०३. सर्वाधिक वाटा आंध्र प्रदेश, तामिळनाडू, तेलंगण, पश्चिम बंगाल आणि कर्नाटकाचा. देशातलं सगळ्यात मोठ्या लोकसंख्येचं राज्य, उत्तर प्रदेश, पहिल्या पाचांत नाही. बाहेरून येणाऱ्या अंड्यांवरचं अवलंबित्व कमी करावं म्हणून त्या राज्याने २०१३ मध्ये कुक्कुट विकास धोरण आणलं. त्याचा भर हजारो पक्ष्यांच्या मोठ्या युनिटांवर होता. अंगणातली कोंबडी तेव्हाही मागेच राहिली.

अंगणातला हिशेब

समजा, झाशीजवळच्या एखाद्या खेड्यात एका घरी दहा कोंबड्या आहेत. दिवा लावावा का? मी म्हणेन, आधी कोंबडी ओळखा.

अस्सल गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. तिच्या अंड्यांना खीळ बसते ती बरीचशी खुडूकपणामुळे. बारा-पंधरा अंडी घातली की ती रवणीला बसते, एकवीस दिवस उबवते, मग पिल्लं घेऊन हिंडते. दिव्याने हा स्वभाव पालटत नाही. तिच्याकडून पिल्लं हवी असतील तर तिला तिच्या वेळापत्रकाने जगू द्यावं, हिवाळ्यात विश्रांतीही घेऊ द्यावी.

सुधारित जातींचं गणित वेगळं आहे. बरेलीजवळच्या इज्जतनगरला १९७९ पासून केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिने अंगणासाठीच काही जाती काढल्या. असीलच्या रक्ताची कॅरी निर्भीक आणि कडकनाथच्या रक्ताची कॅरी श्यामा या त्यांतल्या दोन. चांगल्या सांभाळात त्या वर्षाला दोनशेच्या आसपास अंडी देतात आणि खुडूक फारशा बसत नाहीत. दिव्याचं चीज होतं ते इथे. अशा तलंगा उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीला पिल्लं म्हणून घेतल्या, तर हिवाळ्याच्या तोंडावर अंड्यावर येतात. पहिल्या वर्षी त्या सहसा पिसंही गाळत नाहीत. त्यांना चौदा तासांचा दिवस पुरे होतो.

खर्च पाहू. दहा कोंबड्यांच्या खुराड्याला पाच वॅटचा एक एलईडी दिवा पुरतो. तो रोज पाच तास जळला तरी एक युनिट वीज संपायला चाळीस दिवस लागतात. २०१५च्या उजाला योजनेनंतर एलईडी दिवे इतके स्वस्त झाले की दिव्याची किंमत आता अडसर राहिलेली नाही. खरी अडचण विजेच्या भरवशाची आहे. झाशीपासून जवळच बेतवेच्या काठी परीछाचं औष्णिक वीजकेंद्र धूर सोडत उभं असलं, तरी खेड्यातली पहाटेची वीज जाणारच नाही याची खात्री कुणी देत नाही. आणि कोंबडीला सगळ्यात वाईट काय, तर कधी असणारा कधी नसणारा दिवा. चार दिवस पहाटे उजेड आणि पुढचे चार दिवस अंधार, असं झालं की अंडी कमी होतात आणि अवेळी पिसगळ सुरू होऊ शकते. म्हणून बॅटरीवर वेळ लक्षात ठेवणारा टायमर घ्यावा, नाहीतर छोटा सौर दिवा. बुंदेलखंडात पाण्याची टंचाई असेल, उन्हाची नाही.

वाढीव उजेड संध्याकाळऐवजी पहाटे द्यावा, यालाही कारण आहे. संध्याकाळी दिवा पटकन विझला तर कोंबडी जिथे असेल तिथेच आंधळी होऊन बसते. तिला अंधारात दांडीवर चढता येत नाही. पहाटेच्या दिव्याला हा त्रास नाही. दिवा लागतो, ती खाली उतरते, खाते, आणि पुढे सूर्य येतोच. संध्याकाळचं मावळणं निसर्गाचं असू द्यावं.

झाशीला याच दिव्याचा दुसरा उपयोगही आहे, तो मे महिन्यात. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते आणि दुपारभर खात नाही. खाणं तुटलं की अंडी तुटतात. तेव्हा दिवस पुरेसा लांब असतो, कमी असते ती गार वेळ. पहाटेच्या गारव्यात दोन तास आधी दिवा लावून खाद्य-पाणी पुढे ठेवलं, तर तिचं दिवसभराचं खाणं उन्हाआधी उरकतं.

अंधारही द्यावा लागतो

दिव्याला विरोध करणारी माणसं आहेत, आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. कोंबडीजवळची अंडी दिव्याने लवकर संपतात, ही भीती मात्र निराधार आहे. तिच्या अंडाशयात जन्मतः हजारो बीजांडं असतात. आयुष्यभरात त्यांतला छोटा अंशच वापरला जातो. खरा प्रश्न तिच्या हाडांचा, झोपेचा आणि विश्रांतीचा आहे. अंडी पुन्हा जोमाने सुरू व्हावीत म्हणून कोंबड्यांना उपाशी ठेवून जबरदस्तीने पिसं गाळायला लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास होती. २०११ मध्ये भारतीय पशुकल्याण मंडळाने ती थांबवण्याचे आदेश दिले. २०१७ मध्ये विधी आयोगाने आपला २६९वा अहवाल अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्यांना कसं ठेवावं यावरच दिला. युरोपीय संघाच्या १९९९च्या नियमांत तर दिवसाचा सुमारे एक तृतीयांश भाग सलग अंधार असावा, असं नोंदवलेलं आहे. म्हणजे आठ तास. चोवीस तास उजेड ठेवून जास्त अंडी मिळत नाहीत, पक्षी मात्र खंगतो.

म्हणून दिवा लावणाऱ्याने अंधाराचाही हिशेब ठेवायला हवा. चौदा तास उजेड म्हणजे दहा तास निखळ काळोख, झोप आणि कवच बांधण्याची शांत वेळ. दुसऱ्या वर्षी कोंबडीने पिसं गाळायला सुरुवात केली तर दिवा काही आठवडे बंद ठेवून तिला सावरू द्यावं. नवी पिसं भरली की मग उजेड हळूहळू वाढवावा.

झाशीत शेतीशास्त्राची कमतरता नाही. १९६२ पासून इथे भारतीय गवत आणि चारा संशोधन संस्था आहे, कृषिवानिकीची राष्ट्रीय संस्था आहे, आणि २०१४च्या कायद्याने उभं राहिलेलं राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचं केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे. सरकारी योजनांतून गरीब घरांना सुधारित जातींची पिल्लंही वाटली जातात. माझी मागणी साधी आहे. पिल्लांच्या खोक्याबरोबर एक छोटा दिवा, एक टायमर, शिंपल्याच्या चुऱ्याची पिशवी आणि एका पानावर वेळापत्रक द्यावं: दिवा कोणत्या महिन्यात सुरू करायचा, किती वाजता लावायचा, संध्याकाळी काय खायला घालायचं, आणि कधी बंद करायचा. पिल्लं वाटणं सोपं असतं, कारण त्यांची मोजदाद करता येते. ज्ञान वाटायला कुणालातरी डिसेंबरात पुन्हा त्या अंगणात जाऊन बाईला विचारावं लागतं की अंडी चालू आहेत का, कवच घट्ट येतं का, कोंबड्या नीट चालतात का. हे विचारणारा माणूस नेमला, तरच त्या पाच वॅटच्या दिव्याचे पैसे वसूल होतील.